मामींचा आवाज कोणी दिला

विशालाक्षीमामींना जाऊन सहा वर्षं होऊन गेली होती. त्यामुळे गेल्या वर्षी माघातल्या एका सकाळी त्यांचा आवाज गोमतीअक्काच्या ओटीवर खणखणीत ऐकू आला, तेव्हा माझ्या हातातला कॉफीचा पेला तिरपा झाला आणि अर्धी कॉफी धोतरावर सांडली.

आवाज येत होता हयग्रीवमामांच्या फोनमधून. मामा म्हणजे विशालाक्षीमामींचे यजमान. वय शहाऐंशी, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार तिरुनागेश्वरम्. मामी गेल्यापासून ते सहसा घराबाहेर पडत नसत. त्या दिवशी मात्र रिक्षा करून एकटेच कुंभकोणमला आले होते. वहाणा न काढताच ओटीवर चढले आणि फोन अक्काच्या तोंडासमोर धरला.

"गोमती, हें ऐक. ही कोण बोलते सांग."

फोनमधल्या मामी म्हणत होत्या, "अगं बाई, सकाळपासून पोट जड वाटतंय? आमच्या घरात तीन पिढ्या हेच चूर्ण घेतात. एक चमचा कोमट पाण्यात, आणि दिवसभर कशी मजेत!" मग सनई वाजली आणि चूर्णाच्या डबीचं चित्र आलं.

मामांची नात स्फूर्ती लग्न होऊन पुण्याला असते. तिला ही जाहिरात दिसली आणि तिने गंमत म्हणून ती आजोबांना पाठवली होती. 'ताता, अगदी आज्जीसारखा आवाज आहे ना?' एवढंच तिने लिहिलं होतं.

"सारखा नव्हे," मामा म्हणाले. "तिचाच आहे. त बोलायच्या आधीं ती टाळ्याला जीभ लावीत असे, तें ऐकिलेंस? पण ती 'अगं बाई' कधीं म्हणाली? हें चूर्ण तिनें पाहिलें तरी होतें काय?"

अक्काने जाहिरात पुन्हा लावली, आणखी एकदा लावली, आणि मग ओटीच्या खांबाला टेकून खाली बसली. मामांना जे कळलं नव्हतं ते तिला कळलं होतं. मामींचा आवाज जगात एकाच ठिकाणी साठवलेला होता, आणि तो तिने स्वतः साठवला होता.

गोमती माझी मावसबहीण. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणतो. आमची घरं समोरासमोर आहेत, महामहम तळ्यापासून पाच मिनिटांवर. माझी नोकरीतली बारा वर्षं सोलापुरात गेली, त्यामुळे मला तुमच्याकडची मराठी लिहिता येते. आमच्या घरांत बोलतात ती मराठी वेगळी. तंजावरच्या मराठी राजांच्या काळात आमचे पूर्वज इकडे आले तेव्हा जी बोलत होते तीच, तमिळने भरलेली आणि तमिळच्या हेलात बोलली जाणारी. सोलापुरात माझे सहकारी मला 'बखरीतून उठून आलेला' म्हणत. इथे मी आमचं बोलणं तुमच्या पद्धतीने लिहितो आहे. मामांचं मात्र बदलायचा धीर होत नाही.

अक्का पॉलिटेक्निकमध्ये संगणकाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर घरात ती आणि तिचे दोन संगणक. तिच्या कॉलेजातली मुलं पास होऊन चेन्नईला, बंगळुरूला गेली, ती इथेच राहिली. एकदा कोणाच्या तरी बारशाला तिच्या लक्षात आलं की पंगतीत साठीच्या आतलं एकही माणूस पूर्ण वाक्य आपल्या बोलीत बोलत नाही. सगळी तमिळमध्ये जातात आणि तिथेच राहतात. त्यानंतरच्या रविवारी तिने एक छोटा माइक घेतला आणि म्हाताऱ्या माणसांकडे जायला लागली.

अकरा वर्षं ती हे करत होती. कुंभकोणम, पट्टीश्वरम्, तिरुनीलक्कुडी, तंजावरची काही घरं. एक्केचाळीस माणसांचे आवाज जमले, सहा हजारांवर शब्द. भाज्यांची नावं, नात्यांची नावं, दुखण्याखुपण्याची, शिव्या, बाळंतिणीच्या खोलीतले शब्द. एखादा शब्द टाइप केला की तो कोणत्या घरात कसा म्हणतात हे ऐकवणारा प्रोग्रॅम तिने स्वतः लिहिला. त्यात मामींचे शब्द सगळ्यांत जास्त होते, नऊशे बारा. मामींचा आवाज स्वच्छ होता आणि त्यांना कंटाळा म्हणून नव्हता. अक्का एक शब्द रेकॉर्ड झाला की हळूच "पुढचा" म्हणायची, आणि मामी तांदूळ निवडता निवडता पुढचा म्हणायच्या.

सगळं एकत्र करून अक्काने ते इंटरनेटवर ठेवलं. प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपला कोड जिथे सर्वांसाठी ठेवतात तशा एका साइटवर. म्हणजे पुण्याचा अभ्यासक असो की अमेरिकेत गेलेला आमचाच नातेवाईक, कोणीही उतरवून घ्यावं आणि वापरावं. तिला त्याचा अभिमान होता. "कपाटात ठेवलं तर माझ्याबरोबर मरेल," ती म्हणायची.

त्या सकाळी मामांना मी घरात नेऊन बसवलं आणि पाणी दिलं. अक्का संगणकापुढे बसली. जाहिरातीवरून ती चूर्णवाल्यांपर्यंत गेली, तिथून आवाज पुरवणाऱ्या एका बंगळुरूच्या कंपनीपर्यंत. त्या कंपनीच्या पानावर निरनिराळे आवाज विकायला मांडले होते. 'तरुण व्यावसायिक', 'प्रेमळ शिक्षिका', आणि तिसऱ्या ओळीत 'पारंपरिक आजी'. संगणकाला एखाद्याची रेकॉर्डिंग पुरेशी ऐकवली की तो त्या आवाजात हवं ते वाक्य बोलू शकतो, हे तिने मला समजावून सांगितलं. मामींनी जन्मात न उच्चारलेली वाक्यं त्या यंत्राने त्यांच्या तोंडी घातली होती.

'पारंपरिक आजी'च्या खाली नमुना म्हणून मूळ आवाजाचा एक तुकडा ठेवला होता. अक्काने तो लावला. मामींनी 'तवसें' म्हटलं, आमच्यात काकडीला म्हणतात तसं. आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी दबक्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "पुढचा."

अक्काने हात मागे घेतला, जणू कीबोर्डचा चटका बसला. "अनंता," ती म्हणाली, "हा माझा आवाज आहे. ते मलाही घेऊन गेले. कापायची तसदीसुद्धा घेतली नाही."

तिने संपूर्ण पान वरून खाली वाचलं. तिचं नाव कुठेही नव्हतं. मामींचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याच दिवशी तिने कंपनीला पत्र लिहिलं. संतापून नाही, पॉलिटेक्निकमध्ये अर्ज लिहायची तसं, मुद्देसूद. रेकॉर्डिंग माझी आहेत, अमुक साली केली, ज्यांचा आवाज आहे त्या बाई हयात नाहीत, त्यांच्या घरच्यांना धक्का बसला आहे, ताबडतोब काढून टाका. उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी तिने आपलं पान उघडलं तर तिथे पानच नव्हतं. 'या साहित्यावर अन्य कोणाचा हक्क असल्याची तक्रार आल्यामुळे ते बंद केले आहे' अशी एक ओळ होती. तक्रार करणारी तीच बंगळुरूची कंपनी.

मला आधी वाचून कळलंच नाही. मी विचारलं, "म्हणजे चोरीला गेलेली वस्तू तू चोरलीस म्हणतायत?"

"त्यांचं कुठलं तरी यंत्र इंटरनेटवर त्यांच्या आवाजांसारखे आवाज शोधत फिरतं. त्याला माझे सापडले," अक्का म्हणाली. तिचा आवाज इतका सपाट होता की मला तिचीच काळजी वाटायला लागली. अकरा वर्षांचं काम एका ओळीमागे गेलं होतं आणि ती ओळ कोणा माणसाने लिहिलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही कीर्तीकडे गेलो. कीर्ती आमच्यातलीच, कुंभकोणमच्या कोर्टात वकिली करते. चाळिशीची, बोलायला सडेतोड. अक्काने घरचा सगळा साठा नेला होता. माइकला जोडलेल्या यंत्रातली मूळ कार्डं, त्यावरच्या तारखा, आणि कोडमध्ये प्रत्येक बदल कधी केला याची आपोआप राहिलेली नोंद. कीर्तीचा चेहरा खुलला.

"हे पक्कं आहे, अक्का. ही कंपनी निघायच्या आधीपासूनच्या तारखा आहेत. पान परत मिळेल." मग तिने विचारलं, "आणि परवाना कोणता दिला होतात?"

"कसला परवाना?"

"कोड असा उघड्यावर ठेवताना साइट विचारते. कोणी कसा वापरायचा, काय करायचं नाही. फोल्डरमध्ये त्याचा कागद असतो."

अक्काला आठवलं. पान तयार करताना एक यादी आली होती. तिने सर्वांत छोटा मजकूर असलेला निवडला होता, कारण तो अर्ध्या पानात मावत होता. तो कागद तिने कधी पुरता वाचला नव्हता.

कीर्तीने तो वाचला. दोनदा वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अक्का, तुम्ही यात सगळी मुभा दिली आहे. कोणालाही. वापरा, बदला, वाटा, विका. हे सगळं इथे शब्दाशब्दाने लिहिलं आहे. अट एकच आहे, तुमचं नाव आणि हा कागद सोबत ठेवायचा."

"ते तर प्रोग्रॅमसाठी आहे!"

"प्रोग्रॅम एका फोल्डरमध्ये आणि आवाज दुसरीकडे, असं ठेवलं होतं का?"

सगळं एकाच फोल्डरमध्ये होतं. प्रोग्रॅम, शब्दांची यादी, मामींसकट एक्केचाळीस माणसांचे गळे, आणि सर्वांवर मिळून अर्ध्या पानाचा तो एक कागद. चोर बाहेरून आला या समजुतीवर ती सहा दिवस उभी होती. दार तिनेच उघडून ठेवलं होतं, आणि वर 'या' असं लिहिलंही होतं.

कीर्तीने पुढचं सांगितलं. प्रोग्रॅम अक्काने लिहिला, तो तिचा. रेकॉर्डिंग तिने केलं, त्यावरही तिचा हक्क सांगता येईल. पण बोलणाऱ्या माणसांचा स्वतःचा काही हक्क उरतो की नाही, यावर कोर्टात वाद होऊ शकतो. "आणि तो वाद आपल्या बाजूचा आहे. जे तुमचं नव्हतं ते तुम्हाला देताच येत नव्हतं. मला एक सांगा, मामींनी लिहून काय दिलं होतं?"

"काही नाही."

"बाकीच्या चाळीस जणांनी?"

"कीर्ती, ती आपली माणसं आहेत. मी त्यांना लिहून द्या म्हणाले असते तर त्यांनी मला कॉफीसुद्धा विचारली नसती."

कीर्तीने दोन पत्रं लिहिली. साइटला तारखांचे पुरावे दिले, आणि अकराव्या दिवशी अक्काचं पान परत उघडलं. कंपनीला तिने परवान्याची ती एकच अट पकडून नोटीस दिली. नाव काढून टाकलंत म्हणजे अट मोडलीत, अट मोडलीत म्हणजे मुभा संपली, आणि मृत बाईच्या आवाजाबद्दल तिच्या कुटुंबाची वेगळी तक्रार येते आहे. या वेळी उत्तर तीन दिवसांत आलं, आणि माणसाने लिहिलेलं आलं. जाहिरात उतरवली. 'पारंपरिक आजी' यादीतून गेली. झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला होता.

मी खूश झालो. अक्का झाली नाही. तिच्या पानावर एक आकडा दिसायचा, किती लोकांनी फोल्डर उतरवून घेतलं याचा. पूर्वी तो वाढला की ती मला हाक मारून दाखवायची. तीनशे अडतीस. "एकाला थांबवलं," ती म्हणाली. "बाकीचे कोण आहेत मला माहीतही नाही. त्यांच्या हातातलं आता परत घेता येत नाही, अनंता. आज परवाना बदलला तरी काल नेलेल्यांना कालचाच लागू."

तरी तिने बदलला. प्रोग्रॅम वेगळा काढला आणि पूर्वीसारखाच सर्वांना खुला ठेवला. शब्दांची यादी दुसऱ्या फोल्डरमध्ये, दुसऱ्या कागदाखाली ठेवली: अभ्यासाला घ्या, नाव सांगा, धंद्याला वापरायचं तर विचारा. आवाज मात्र इंटरनेटवरून पूर्ण उतरवले. ज्याला हवे असतील त्याने कशासाठी ते लिहून मागायचे, आणि ज्याचा आवाज त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी होकार द्यायचा. त्यासाठी तिने आणि कीर्तीने मिळून एक संमतीपत्र केलं, आमच्या बोलीत, मोठ्या अक्षरात. एक्केचाळीसपैकी सतरा जण तोवर गेले होते.

पहिला कागद घेऊन ती तिरुनागेश्वरमला गेली. मला सोबत नेलं. मामा झोपाळ्यावर बसले होते. अक्काने काहीच लपवलं नाही. कंपनीने काय केलं ते सांगितलं, आणि आपण काय केलं होतं तेही सांगितलं. न वाचता निवडलेला कागद, एकच फोल्डर, सगळं. "मामींचा आवाज चोरीला गेला नाही, मामा. मी दिला. मला कळलं नाही, पण दिला मीच."

मामांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मी मनाची तयारी केली होती की ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तिनें माझ्यापुढें कधीं आवाज चढविला नाहीं," ते म्हणाले. "परका पुरुष घरीं आला तर आंतून बोलत असे. आणि तुवां तिला चव्हाट्यावर उभी केलीस."

अक्काने मान खाली घातली. मग तिने कागद पुढे केला. यापुढे कोणी आवाज मागितला तर तुम्हाला विचारल्याशिवाय जाणार नाही, इथे सही करा, नको असेल तर 'नको' लिहा.

मामांनी कागद वाचला, पोस्टमास्तर वाचतात तसा, शेवटच्या ओळीपर्यंत. आणि परत दिला.

"मी कोण सही करणार? ती माझी बायको होती म्हणोन तिचा गळा माझा झाला काय? तुवां तिला विचारिलें नाहींस. आतां मीही न विचारतां हो म्हणूं? आणि नको तरी कसें म्हणूं? ती तर आनंदानें बोलत होती. जिला विचारायचें ती नाहीं. मग तें कोणाजवळच राहूं नये. पुसून टाक."

"इंटरनेटवरचं पुसलंय, मामा."

"तुझ्याजवळचें?"

हा प्रश्न अक्काने अपेक्षिलाच नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं. नऊशे बारा शब्द. त्यांतले कितीतरी दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हते. बोलीतला एक कोपरा मामींच्या तोंडून तेवढा वाचला होता.

"मामा, ते शब्द पुन्हा कुठे मिळणार नाहीत."

"शब्द राहूं दे," मामा म्हणाले. "शब्द तिच्या एकटीचे नव्हते. तिच्या आईचे, आजीचे होते. ते लिहून ठेव. आवाज तिचा एकटीचा होता."

अक्काने लॅपटॉप तिथेच उघडला. शब्द, अर्थ, उच्चार सगळे लिहिलेले आहेत की नाहीत हे तिने एक एक करून तपासलं. दुपार त्यातच गेली. मामांच्या सुनेने आम्हाला जेवायला वाढलं. मग अक्काने मामांना विचारलं, "एकदा ऐकायचंय?" त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. फोनमधली जाहिरात मात्र त्यांनी महिनाभर काढून टाकली नव्हती, हे मला स्फूर्तीने नंतर सांगितलं.

अक्काने लॅपटॉपवरचे मामींचे आवाज तिथेच पुसले. घरच्या दोन्ही संगणकांतले आणि मूळ कार्डांवरचे त्याच रात्री. घरी परतताना रिक्षात तिने एवढंच म्हटलं, "मामांना काही परत द्यायला गेले, आणि उरलेलंही घेऊन आले असं वाटतंय."

आता वर्ष होत आलं. चोवीस हयात माणसांपैकी एकोणीस जणांनी सह्या केल्या. तिघांनी नको लिहिलं, दोघे अजून विचार करतायत. गेलेल्यांच्या घरी ती जातेच आहे. प्रत्येक ठिकाणी ती आधी स्वतःची चूक सांगते, मग कागद काढते. काही घरांत आता तिला खरंच कॉफी विचारत नाहीत.

गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर पट्टीश्वरमला गेलो होतो. तिथे वेंकटलक्ष्मी नावाच्या बाई आहेत, वय एकोणऐंशी. त्यांचा आवाज पहिल्यांदाच घ्यायचा होता. डोळ्यांनी त्यांना कमी दिसतं, म्हणून अक्काने पूर्ण कागद मोठ्याने वाचून दाखवला. बाईंनी प्रत्येक ओळीला थांबवलं. यंत्राला शिकवणं म्हणजे काय? मी मेल्यावर कोण हो म्हणणार? मी उद्या नको म्हटलं तर? अक्काने सगळ्याला उत्तरं दिली. पाऊण तास गेला आणि एकही शब्द रेकॉर्ड झाला नव्हता.

"शब्द घे," बाई शेवटी म्हणाल्या. "ओव्या नको. त्या मी देवापुढे म्हणते."

अक्काने पेन उघडलं, कागदावर तसं लिहिलं, लिहिलेलं पुन्हा वाचून दाखवलं. बाईंनी बोटाने चाचपून सहीची जागा विचारली आणि आपलं नाव, जुन्या वळणाचं, सावकाश काढलं.